गावाच्या वाट्याची एक जागा

जयसिंगपूर
गुरुवार, २४ जुलै २०२५

चि. नीलव्वास अक्काचा आशीर्वाद.

पहिलं हे लिहिते की इकडं कुणी गेलेलं नाही. दहा वर्षांनी अक्काचं पत्र आलं म्हटल्यावर तू आधी कोण गेलं तेच शोधशील, म्हणून आधी ते. माझा रुद्रेश बरा आहे, सूनबाई बरी आहे, गिरणी चालू आहे, माझे गुडघे होते तसेच आहेत. तुझेही तसेच असतील. आपल्या दोघींत बाकी काही सारखं वाटलं गेलं नाही, गुडघे तेवढे सारखे आले.

आज अमावास्या. आपली आव्वा असती तर आज लेकींना कागदाला हात लावू दिला नसता. पण आमच्या गल्लीत दुपारभर लाईट नाही, लाईट नाही म्हणून गिरणी बंद, आणि गिरणी बंद असली की मला माझंच डोकं ऐकू येतं. म्हणून बसले. वही नातीची, विद्याची आहे, अकरावीची. मागची पानं कोरी होती. पुढं रसायनाचं काहीतरी लिहिलंय, ते वाचू नकोस. मी चौथीपर्यंतची बाई, तू छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली. चुका दिसतील. लाल पेन काढू नकोस म्हणजे झालं.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर समोरचं माणूस मधेच "हं" म्हणतं आणि माझं पुढचं सगळं पळून जातं.

तर कारण आनंदाचं आहे. आपल्या विद्याश्रीला कॉलेज मिळालं. कोल्हापुरात. आणि वर शिष्यवृत्ती मिळाली. बावन्न टक्क्यांवर! हे मी गल्लीत इतक्यांदा सांगितलंय की आता समोरून मी येताना दिसले की माणसं आपणहून म्हणतात, "व्हय व्हय, बावन्न." खैरुनबी, आमच्या शेजारची, शिलाईवाली, ती तर म्हणाली, "गंगव्वा, आता मशिदीच्या भोंग्यावरनं सांगायचं तेवढं राहिलंय."

पण मे महिन्यात असं नव्हतं गं. निकाल लागला तो दिवस मला आठवतो. समोरच्या हंबीररावांच्या नातवाला, यशराजला, एक्क्याण्णव पडले. हंबीरराव पेढ्याचा पुडा घेऊन स्वतः आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि विचारलं, "आमच्या विद्याचं काय झालं?" आमच्या म्हणे. त्यांना माहीत होतं. त्या मोबाईलवर सगळ्यांचं सगळ्यांना कळतं. मी म्हटलं, "पास झाली की." ते म्हणाले, "पास झाली, लई झालं." तो पेढा मी तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ तो तोंडातच राहिला. खोटं कशाला लिहू, यशराज गुणी पोरगा आहे, माझं दळण सुद्धा उचलून देतो. पण त्या दिवशी मला वाटलं, याला एक्याऐंशी पडले असते तर देवाचं काय बिघडलं असतं?

मग रुद्रेशनं चौकशी सुरू केली. एका ठिकाणी म्हणाले, मार्क कमी आहेत, पण मॅनेजमेंटमधून बसवू. तो आकडा ऐकून आला आणि गिरणीच्या पायरीवर बसला तो दळणाला आलेल्या बायका ताटकळल्या तरी उठेना. दुसरीकडं म्हणाले, साठच्या खाली आम्ही अर्ज घेत नाही. तिसऱ्याच्या कागदावर वसतिगृह होतं, तिथं गेला तर वसतिगृहाच्या जागी नुसता पाया. घरी येऊन मला म्हणाला, "आव्वा, शिष्यवृत्ती म्हंत्यात ती हुशारास्नी आसती, आन फुकटची जागा पैलवानास्नी. आमच्यासारख्या मधल्यांनी करायचं काय?" सूनबाईच्या माहेरून एक स्थळ यायला लागलं होतं. मुलाचा पशुखाद्याचा धंदा, घर सिमेंटचं. पोरगी काही बोलायची नाही. पीठ चाळायची. इतकं चाळायची की कोंड्यात पण काही राहायचं नाही.

आणि मग जूनमध्ये ती एकदम बोलायला लागली. म्हणाली, "अज्जी, एक ट्रस्ट हाय. ते साठच्या वरच्यांना देतच न्हाईत."

मी म्हटलं, "साठच्या खालच्यांना देत न्हाईत आसं आसंल. नीट ऐक."

"न्हाय गं अज्जी. साठच्या वरच्यांनाच देत न्हाईत."

कुणी एक म्हातारे हेडमास्तर होऊन गेले म्हणे. मरताना लिहून ठेवलं की माझे पैसे पंचेचाळीस ते साठमधल्या पोरांनाच द्या, वरच्यांना द्यायला जग बसलंय. नीलव्वा, माझा विश्वास बसेना. मी तिच्याकडून तो कागद तीनदा वाचून घेतला. आणि आठवड्यानं काय झालं सांगू? हंबीरराव आले, या वेळी पेढे नव्हते, आणि हळूच विचारलं, "ते ट्रस्टचं आमच्या यशराजला बसतंय का बघा की." मी चष्मा पुसला, पदर सारखा केला आणि म्हटलं, "न्हाय हो हंबीरराव. त्याला मार्क जास्त पडल्यात." सत्तर वर्षांत असं वाक्य माझ्या तोंडी आलं नव्हतं. दोन दिवस मला जेवण लागलं नाही इतकं पोट भरलं होतं.

मुलाखतीचं तर विचारू नकोस. तीन म्हातारे टेबलामागं. एकानं विचारलं, बावन्नच का पडले? ही म्हणाली, "अभ्यास कमी पडला सर. बाबांचा हात गिरणीच्या पट्ट्यात आलता, म्हणून बारावीचं वर्ष गिरणीवर बसले. पण हात आला नसता तरी साठच पडले असते, सत्तर न्हाय." ते हसले. मग म्हणाले, गिरणीवर काय शिकलीस? म्हणाली, "पीठ हातात घेतलं की कळतं, दगडाला टाकी लावायची झाली का ते. पीठ जास्त तापलं की भाकरी थापताना चिरते." मधले म्हातारे पुढं सरकले. म्हणाले, आमच्या घरी पीठ कडू होतंय गं, दुकानदार बदलला तरी. ही म्हणाली, "बाजरीचं आसंल. बाजरी महिन्याची दळू नका, चार दिवसांची दळा." झालं. कॉलेज पण त्याच कामाचं आहे, अन्नप्रक्रिया का काहीतरी, तीन वर्षांचं, अनुदानाचं, म्हणून फी झेपणारी. शिवाय रोज दोन तास तिथल्याच लायब्ररीत काम करायचं, त्याचे वेगळे मिळतात. सगळं कसं पोळीच्या कडेला कड मिळावी तसं जुळून आलं.

मी गल्लीत सांगितलं, पोरीनं एकटीनं केलं. तीही म्हणाली, कॉलेजातल्या एका मॅडमनी थोडी मदत केली.

लाईट आली. गिरणी सुरू झाली. आता बास.

शुक्रवार

काल चार पानं लिहिली, आणि परत वाचल्यावर दिसलं की त्यात अर्धंच खरं लिहिलंय. फाडणार होते. पण वही विद्याची, पान फाडलं की पुढचं रसायन सुटतं. म्हणून राहू दे. आजपासून श्रावण, आजपासून खरं लिहिते.

नीले, मला ठाऊक आहे ती मॅडम कोण ते.

गेल्या रविवारी विद्यानं सगळे कागद देवापुढं ठेवले, विभूती लावायला. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, शाळा सोडल्याचा, बारावीचा, पत्र, फोटो, सगळं पांढऱ्या फडक्यात बांधलेलं. मी नमस्काराला वाकले आणि तशीच वाकलेली राहिले. सूनबाईला वाटलं कंबर धरली. कंबर नव्हे. गाठ. दोन वेढे, आणि टोक वर न काढता पोटात दडवलेलं. आपले अप्पा गुऱ्हाळात गुळाची ढेप फडक्यात बांधायचे तशी. दुसरे गुळवे साधी गाठ मारायचे, कापल्याशिवाय सुटायची नाही, फडकं वाया जायचं. अप्पांची गाठ कुठून ओढायची ते कळलं तर एका बोटानं सुटायची, नाही कळलं तर दातानं पण नाही. ती अप्पांनी दोन माणसांना शिकवली. एक मी. दुसरी मेलेली नाही हे मला ठाऊक होतं.

मी बोट घातलं, गाठ सुटली. आत सगळ्यात वर एक रेघांचा कागद. पाच कॉलेजं. पुढं फी, मार्क किती लागतात, वसतिगृह आहे का, एसटी किती वाजता. गगनबावड्याकडचं एक, वसतिगृह नाही म्हणून काट मारलेली. वारणानगरचं एक, मुदत गेली म्हणून काट. आणि खाली मास्तरणीच्या ठसठशीत अक्षरात, "मार्क बदलता येत नाहीत. कुठं जायचं ते बदलता येतं."

मी विद्याला आत बोलावलं. म्हटलं, "टायपिंगचा क्लास म्हणून मे महिन्यापासून कुठं जात हुतीस?"

तिनं मान खाली घातली. म्हणाली, "कोल्हापुरात, राजारामपुरीत."

"कुणाकडं?"

"तुला कळलंय नव्हं अज्जी. मग कशापायी वदवून घेतीस?"

बरोबर आहे. बोलण्यात पण तुझ्यावर गेली.

आता मला काय वाटलं ते लिहिते, आणि तू ते वाच, वगळू नकोस. मला आनंद व्हायला पाहिजे होता. माझी नात, तिला कॉलेज मिळालं, कसं का मिळेना. पण मला राग आला. राग म्हणते, पण तो राग नव्हे. खैरुनबीला सांगितलं तर तिनं सुईत दोरा ओवता ओवता, वर न बघता सांगितलं, "गंगव्वा, तुला जळन होतीया." मी म्हटलं, "मला? माझ्या नातीचं भलं झालं आन मी जळू?" ती म्हणाली, "भलं तू केलं न्हाईस, तिनं केलं. म्हणून." चहा न पिता उठून आले. दुसऱ्या दिवशी परत गेले, चहा राहिला होता म्हणून.

हो, जळले. त्या दिवसापासून विद्याच्या तोंडात तू उघडपणे यायला लागलीस, आणि मी मोजायला लागले. "नीलाअज्जी म्हणत्यात, चहात साखर कमी घालावी." "नीलाअज्जीकडं पुस्तकांचं कपाट हाय, काचेचं." "नीलाअज्जी रोज पेपर वाचत्यात, पहिल्या पानापासनं शेवटच्यापर्यंत." एका दिवशी अकरा वेळा. मी शेंगापोळ्या केल्या, मुद्दाम, आपल्या आव्वासारख्या पातळ, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "नीलीला येत्यात का अशा?" म्हणाली, "त्या विकत आणत्यात." विकत! नीले, मला इतकं बरं वाटलं की मी तिला आणखी दोन वाढल्या. मग रडायला आलं. सत्तर वर्षांची बाई शेंगापोळीवरनं बहिणीला हरवते आणि मग मोरीत जाऊन रडते. कुणाला सांगायची गोष्ट आहे ही?

आणि एक वाईट विचार आला. तोही लिहिते. तू लग्न केलं नाहीस, तुला लेकरू नाही, नात नाही. मला वाटलं, आता ही माझी नात घेतेय. हळूहळू, चष्मा आणि कपाट दाखवून. असं मला वाटलं. देवापुढं उभी राहून वाटलं.

तुझ्या निवृत्तीच्या समारंभात मी जे बोलले तेही त्याच जातीचं होतं. तू मला मानानं स्टेजवर बसवलंस, साडी दिलीस, माईक हातात दिला. सगळे हारतुरे तुला. पोरं पाया पडत होती, मोठमोठी झालेली पोरं. आणि मी माईकमध्ये हसत हसत म्हणाले, "आमची नीली माझ्या जागेवर बसून शिकली. मला पासष्ट मार्क हुते आन हिला एक्कावन्न. बोर्डिंगात गावाला एकच जागा, ती हिला मिळाली. न्हायतर आज हार माझ्या गळ्यात आसते." लोक आधी हसले. मग कुणी हसेना. तू मान खाली घातलीस आणि तशीच घरी गेलीस. त्यानंतर दहा वर्षं. तू दोनदा फोन केलास, मी सूनबाईला सांगितलं, अंघोळीला गेलेय म्हणावं. दोन्ही वेळा मी फोनच्या शेजारीच बसले होते.

परत लाईट आली. ही लाईट पण कधी यायचं ते बरोबर ओळखते.

शुक्रवारीच, चार वाजता

गिरणी सूनबाई बघतेय. मी माळ्यावर आलेय, पिठाच्या डब्यांत. इथं कुणी येत नाही.

परवा विद्या तुझ्याकडून आली ती तोंड उतरवून. वसतिगृहाचं पत्र दाखवलं. सोमवारी दहा ते बारा, घरचं एक मोठं माणूस आणि कोल्हापुरातला स्थानिक पालक, दोघांनी समोर बसून सह्या करायच्या. पालक नसेल तर खोली दुसऱ्या मुलीला. खोली नसेल तर जयसिंगपुरातून रोज येणं-जाणं, मग ते लायब्ररीतलं दोन तासांचं काम जमत नाही. ते काम नाही तर रुद्रेशला झेपत नाही. सगळं एका सहीवर आलंय. आणि तू म्हणालीस, करणार नाही.

मी म्हटलं, "का म्हणं? एवढं सगळं केलं आन सहीला हात दुखतोय?"

विद्या म्हणाली, "नीलाअज्जी म्हणाल्या, मी एकदा तुझ्या अज्जीची जागा घेतली. आता तिला न विचारता दुसऱ्यांदा घेणार न्हाय. अक्का स्वतः सांगंल तर करीन."

मग पोरगी माझ्यापुढं बसली आणि म्हणाली, "अज्जी, तू ही गोष्ट मला किती वेळा सांगितलीस. पासष्ट आन एक्कावन्न. मी बावन्नवाली, मला दर वेळी वाटायचं, मी नीलाअज्जीच्या बाजूची हाय. पण नीलाअज्जी तुझ्याविषयी एक शब्द वाईट बोलत न्हाईत. उलट म्हणत्यात, तिचं ते माझ्याकडं आलं, म्हणून मी साठ वर्षं काळजीनं वापरलं."

काळजीनं वापरलं. जसं कुणाचं भांडं आणलेलं असावं.

त्याच रात्री मी तिच्या वहीची कोरी पानं शोधून ठेवली. त्यासाठी हे पत्र आहे, बाकीचं सगळं मी त्याच्याभोवती फिरत होते. आता लिहिते.

चौथीचा निकाल लागला ते साल. आपण दोघी एकाच वर्गात, मी दीड वर्षानं मोठी, पण दोघी जोडीनं चालत जातील म्हणून अप्पांनी एकाच दिवशी नाव घातलेलं. मठातून निरोप आला, कोल्हापूरच्या बोर्डिंगात आपल्या गावाच्या वाट्याला मुलीची एक जागा आहे. एवढं तुला ठाऊक आहे. त्याच्या आधीचं ठाऊक नाही.

गुऱ्हाळ संपत आलं होतं. अप्पा ढेपा बांधत होते, मी फडकी देत होते. तू आव्वाजवळ घरी होतीस. आव्वाला तेव्हा दिवस गेले होते, आपल्या भावाच्या, चनबसाप्पाच्या वेळचे, आणि ती फार थकलेली असायची. अप्पांनी ढेपेवरची नजर न काढता विचारलं, "गंगी, बोर्डिंगात जातीस? मार्क तुझं जास्त हाईत. जागा तुझी."

मला विचारलं, नीले. पहिलं मला विचारलं.

मी विचारलं, "मग नीली कुठं ऱ्हाणार?"

"घरी. आव्वाजवळ."

आणि माझ्या डोळ्यापुढं काय आलं सांगू? शाळा नाही, पुस्तक नाही. तू आव्वाच्या कुशीत झोपलीयस, आव्वाचा हात तुझ्या केसांत आहे, आणि माझी जागा रिकामी आहे, आणि दोन दिवसांनी ती कुणाला रिकामी वाटतही नाही. हे आलं. मी अकरा वर्षांची होते. मी म्हटलं, "मी न्हाय जाणार. नीलीला धाडा."

अप्पा म्हणाले, "इचार कर."

मी म्हटलं, "केला." विचार असा केला होता, की तू गेलीस की आव्वा माझी एकटीची.

अप्पांनी गाठ ओढली. मग म्हणाले, "हे कुणाला सांगू नको. नीलीला वाटंल, तिला उरलेलं दिलं." मी कधी सांगितलं नाही. अप्पांचा शब्द पाळला असं मी मला सांगत आले. पण अप्पांनी गप्प राहायला सांगितलं होतं. उलटं सांगायला सांगितलं नव्हतं.

तू गेलीस. पहिल्या दिवाळीला आलीस तर आव्वाला सोडेनास, तिचा पदर मुठीत धरून झोपायचीस. मी तो तुझ्या मुठीतून काढून घ्यायचे. तुला आठवत नसेल. मला आठवतं.

मग चौदाव्या वर्षी माझं लग्न झालं. सासरी अप्पांचं पत्र आलं की दिरानं वाचून दाखवायचं, कारण जोडाक्षरं मला अडायची. आणि तू तर पोस्टकार्डावर पाठ लिहावा तसं लिहायचीस. तेव्हा पहिल्यांदा मी एका शेजारणीला म्हटलं, "माझी जागा भणीला दिली." ती हळहळली. "आरं देवा, तुझं कर्म बाई." ते ऐकायला गोड लागलं. मग दुसरीला सांगितलं. मग सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं, आणि एकदा खरं वाटल्यावर मग जळायला काय लागतंय? तुझा चष्मा दिसला की जळायचं. तुझी पेन्शन, तुझं घड्याळ, एसटीत तुला बघून उठणारी पोरं. जी वस्तू मी स्वतः नको म्हटली, ती तुझ्या अंगावर बघून मी साठ वर्षं जळले.

तुझी मान त्या समारंभात खाली गेली ती माझ्या खोटेपणानं. ती मला रोज दिसते.

तू काही घेतलेलं नाहीस, नीलव्वा. काळजीनं वापरायची गरज नव्हती. हवं तसं वापरायचं होतं, फाडायचं होतं, सांडायचं होतं. ती जागा तुझीच होती.

हे कळल्यावर तुला राग येईल. आला तर येऊ दे. विद्याला मी अजून सांगितलेलं नाही. सोमवारी तुझ्यासमोर सांगणार आहे, मग ती माझ्याकडं कशी बघते ते बघायला तू असशील. एकटीनं मला ते बघवणार नाही. आणि हंबीररावांनाही सांगावं लागणार, गल्लीभर "एकटीनं केलं" सांगून झालंय ना. ते मात्र सावकाश सांगेन.

अजून पूर्ण सुधारले नाही हेही लिहून ठेवते. आता इथं बसून वाटतंय, विद्या कोल्हापुरात राहिली की रविवारी तुझ्याकडं जेवायला येणार, मग माझ्याकडं कधी येणार? जळतंय. जळू दे. रविवार तुझा, पण दिवाळी माझी. आणि तिला विकतच्या शेंगापोळ्या घालू नकोस, मी देऊन पाठवत जाईन. तुलाही घालून घे. आव्वासारख्या आहेत, मला तेवढं एकच आव्वाकडून शिकून घेता आलं, तू तिथं नव्हतीस म्हणून.

पत्र उद्या विद्याच्या हाती देतेय. फडक्यात बांधून, अप्पांच्या गाठीनं. पोरगी वाटेत उघडणार, मला ठाऊक आहे, पण उघडलं तर तिला परत बांधता येणार नाही. गाठ साधी दिसली तर समज, तिनं वाचलंय. मग दोघी मिळून तिला ती गाठ शिकवू. आता तिसरं माणूस पाहिजेच.

सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं येते. दहाच्या आधी वसतिगृहाच्या दारात असेन. सही कुठं करायची ते तू बोटानं दाखव, माझं नाव मी लिहीन, अंगठा देणार नाही. माझ्या शेजारची रेघ तुझी. मी सांगतेय, स्वतः सांगतेय, कर.

मंगळवारी पंचमी आहे. आपलं माहेर राहिलेलं नाही. सोमवारीच माझ्याबरोबर जयसिंगपूरला चल, तंबिटाचे लाडू करून ठेवते. आणि आव्वाची ती जुनी हिरवी साडी माझ्या ट्रंकेत आहे, ती मी इतक्या वर्षांत कुणाला दिली नाही. रात्री झोपताना ती तू घे. पांघरून झोप. मी तुझ्या मुठीतून काढणार नाही.

तुझी अक्का,
जिला अप्पांनी पहिलं विचारलं होतं.
गंगव्वा